लोखंडी वाटेचा भरवसा

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण मराठवाड्यात कौतुकाने आणि थट्टेनेही वापरली जाते. कड्यावर कायमची पोलादी तार ठोकून केलेल्या चढणीच्या वाटेला जर्मन भाषेत 'क्लेटरश्टाइग' असे नाव आहे. इटालियन नाव 'व्हिया फेराटा', म्हणजे लोखंडी वाट. या वाटेचा परभणीशी काही संबंध असेल असे कोणालाही वाटणार नाही. गोदावरी, पूर्णा आणि दुधनेच्या काठची काळी जमीन, उत्तरेला जिंतूरजवळच्या नेमगिरीसारख्या टेकड्या आणि दक्षिणेला गंगाखेडकडे बालाघाटाचे उतार, एवढाच या जिल्ह्याचा डोंगराळ भाग. प्रस्तरारोहण शिकावे असा उंच, सलग कडा येथे नाही. पण परभणीहून संध्याकाळनंतर निघणाऱ्या रेल्वेने मनमाडमार्गे नाशिक-इगतपुरीचा पट्टा सकाळपर्यंत गाठता येतो आणि तेथून कळसूबाई, हरिहर, अलंग-मदन-कुलंग हाकेच्या अंतरावर येतात. कडा नसलेल्या जिल्ह्यातला तरुण कड्यावर जातो तो सरावाशिवाय आणि बहुधा दुसऱ्याने दिलेल्या साधनांवर विसंबून. त्यामुळे लोखंडी वाटेचा प्रश्न सह्याद्रीच्या पायथ्यापेक्षा परभणीसारख्या जिल्ह्यांत अधिक गंभीर ठरतो.

हा प्रश्न आताच उपस्थित होण्याचे कारण आहे. जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने बारा किल्ल्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रातील असून साल्हेर, राजगड, रायगड, लोहगड, शिवनेरी, प्रतापगड ही नावे घरोघरी पोहोचलेली आहेत. अशा मान्यतेमागोमाग गर्दी येते आणि गर्दीमागोमाग 'सोयी करा' ही मागणी येते. डोंगरात सोय म्हणजे बहुतेक वेळा लोखंड: कठडा, शिडी, साखळी. कळसूबाईच्या १,६४६ मीटर उंच शिखरावर जाणारे भाविक आणि पर्यटक आजही बारी गावाच्या बाजूने लोखंडी शिड्यांवरूनच चढतात. राजगडच्या बालेकिल्ल्याच्या चढावर कठड्याचा आधार आहे. हे लोखंड नसते तर अनेक वयस्कर भाविकांना देवीचे दर्शनच घडले नसते, हे मान्य करूनच पुढचा विचार करायला हवा.

कड्यात लोखंड ठोकण्याची कल्पना युरोपातही जुनी आहे. ऑस्ट्रियातील डाखश्टाइन शिखरावर १८४३ मध्येच लोखंडी मेखा आणि हाताला धरायचे आधार बसवले गेले होते. पहिल्या महायुद्धात डोलोमाइट पर्वतराजीत इटालियन आणि ऑस्ट्रो-हंगेरियन सैन्ये समोरासमोर ठाकली, तेव्हा दारूगोळा आणि माणसे वर नेण्यासाठी शिड्या व तारा बसवल्या गेल्या. युद्ध संपल्यावर त्यांतील काही वाटा गिर्यारोहण मंडळांनी दुरुस्त करून पर्यटकांसाठी खुल्या केल्या. आपल्याकडे इतिहास नेमका उलटा घडला. १८१८ मध्ये मराठी सत्तेचा अस्त झाल्यावर इंग्रजांनी अनेक किल्ल्यांचे मार्ग सुरुंग लावून उद्ध्वस्त केले. अलंग आणि मदन येथील तुटक्या पायऱ्यांच्या जागी आज दोर लावून कातळटप्पे चढावे लागतात ते त्यामुळेच. हरिहरच्या कातळकोरीव पायऱ्या मात्र वाचल्या. त्यांच्या दोन्ही बाजूंना हाताच्या पकडीसाठी कोरलेल्या खोबणी पाहिल्या, की त्या काळच्या पाथरवटाला चढणाऱ्याच्या तोलाची किती जाण होती ते कळते.

युरोपातील लोखंडी वाट आणि आपल्या किल्ल्यांवरील लोखंड यांत वरवर साम्य असले, तरी एक मूलभूत फरक आहे. तेथील पोलादी तार ही हाताने धरण्याची वस्तू नंतर असते, आधी ती कमरेशी जोडण्याची वस्तू असते. चढणाऱ्याच्या कमरेच्या हार्नेसपासून दोन पट्ट्या निघतात, प्रत्येकीच्या टोकाला कॅराबिनर (झडपेची धातूची कडी) असतो आणि दोन्ही कॅराबिनर तारेत अडकवलेले असतात. तार ठरावीक अंतरावर खडकातील मेखेला बांधलेली असते. मेख आली की आधी एक कॅराबिनर काढून मेखेपलीकडे लावायचा, मग दुसरा. कोणत्याही क्षणी किमान एक कॅराबिनर तारेत राहिलाच पाहिजे, हा या वाटेचा पहिला नियम आहे. आपल्याकडील कठड्याला मात्र कोणी स्वतःला जोडून घेत नाही, आणि तो त्यासाठी बांधलेलाही नसतो. म्हणजे हात सुटला की सगळेच सुटले. लोखंड पाहून चढणाऱ्याचा धीर वाढतो, संरक्षण मात्र तेवढ्याच प्रमाणात वाढत नाही.

मग हार्नेस घालून कठड्याला किंवा साखळीला दोराचा तुकडा बांधला तर? अनेक हौशी मंडळी हाच उपाय करतात. येथे थोडे गणित समजून घेणे आवश्यक आहे. प्रस्तरारोहणात पडण्याची तीव्रता मोजताना पडलेले अंतर भागिले धक्का सोसणाऱ्या दोराची लांबी हे गुणोत्तर घेतात. नेहमीच्या दोराच्या चढाईत ते २ पेक्षा जास्त होऊ शकत नाही, आणि गिर्यारोहणाचा ताणला जाणारा दोर त्याच हिशेबाने बनवलेला असतो. लोखंडी वाटेवर मात्र कॅराबिनर तारेवरून घसरत थेट खालच्या मेखेपर्यंत जातो. दोन मेखांत चार-पाच मीटर अंतर असेल आणि कमरेची पट्टी मीटरभर असेल, तर माणूस पाच-सहा मीटर पडतो आणि तो सारा धक्का त्या मीटरभर पट्टीवर येतो. गुणोत्तर ५ किंवा त्याहूनही अधिक!

आता हा धक्का किती मोठा, ते पाहू. ८० किलो वजनाचा माणूस ५ मीटर पडला आणि न ताणणाऱ्या पट्टीने त्याला समजा १० सेंटिमीटरमध्ये थांबवले, तर थांबवणारे सरासरी बळ ४० किलोन्यूटनच्या आसपास, म्हणजे चार टन वजनाइतके होते. चांगल्या प्रतीचा कॅराबिनर साधारणपणे दोन-सव्वादोन टनांना उतरतो. त्याआधीच माणसाच्या कण्याची आणि आतड्यांची काय अवस्था होईल, हे सांगण्यासाठी डॉक्टर लागत नाही. साध्या दोराचा तुकडा किंवा शिवलेली स्लिंग कठड्याला अडकवून 'आपण सुरक्षित आहोत' असे मानणारा चढाईपटू अशा प्रकारे दुहेरी फसतो. पट्टी तुटली तर तो खाली जातो आणि नाही तुटली तर शरीर तुटते.

यावरचा उपाय म्हणजे धक्काशोषक. हार्नेसजवळच्या छोट्या पाकिटात घडी करून शिवलेली एक पट्टी असते. माणूस पडला की तिची शिवण टाक्याटाक्याने उसवत जाते आणि त्या उसवण्यात पडण्याची ऊर्जा खर्च होते. युरोपीय मानक ईएन ९५८ ची २०१७ सालची आवृत्ती अशी, की ४० ते १२० किलो या वजनाच्या मर्यादेत या संचाने काम केले पाहिजे. १२० किलोच्या वस्तुमानाला थांबवताना बळ ६ किलोन्यूटनपेक्षा आणि ४० किलोच्या वस्तुमानाला थांबवताना ३.५ किलोन्यूटनपेक्षा जास्त होता कामा नये. पट्टी उसवण्याची कमाल लांबी २ मीटर २० सेंटिमीटर ठेवली आहे. याचा व्यवहारातला अर्थ असा, की पट्टीने आपले काम चोख बजावले तरी माणूस मेखेच्याही खाली दोन-अडीच मीटर जातो, आणि मध्ये एखादा कातळाचा दात किंवा शिडीची पायरी असेल तर तिच्यावर आपटतो. म्हणूनच युरोपातील जाणकार प्रशिक्षक नवशिक्यांना सांगतात, की लोखंडी वाटेवर पडायचेच नाही; संच हा शेवटचा उपाय आहे. आणि एकदा उसवलेला संच पुन्हा वापरायचा नसतो, तो टाकून द्यायचा.

आपल्या बाजारातील परिस्थिती येथे लक्षात घ्यावी लागते. लोखंडी वाटेसाठी बनवलेला संच परभणीत सोडाच, मोठ्या शहरांतही मोजक्या साहसी साहित्याच्या दुकानांत मिळतो आणि तो आयात केलेला, म्हणून महाग असतो. बांधकामाच्या साहित्याच्या दुकानात मात्र दोन मोठ्या हुकांचा, धक्काशोषक लावलेला 'सेफ्टी बेल्ट' सहज आणि स्वस्तात मिळतो. दिसायला दोन्ही वस्तू बहिणी वाटाव्यात इतक्या सारख्या. पण मनोऱ्यावर काम करणाऱ्या कामगारासाठी असलेला तो पट्टा दोन मीटरच्या पट्टीवर जास्तीत जास्त चार मीटर पडणे, म्हणजे गुणोत्तर २, एवढे गृहीत धरून तपासलेला असतो. कामगार जेथे हुक अडकवतो तो आधार घसरत नाही. कड्यावरची तार घसरू देते. आपल्या जागी तो पट्टा उत्तमच आहे. हरिहरच्या पायऱ्यांवर किंवा कळसूबाईच्या शिडीवर त्याच्याकडून ज्याची अपेक्षा केली जाते, ते काम मात्र त्याला कधी शिकवलेलेच नाही. हीच गोष्ट शिरस्त्राणाची. बांधकामावरचे पिवळे हेल्मेट हनुवटीच्या पट्ट्याअभावी पहिल्याच आपटीत डोक्यावरून निघून जाते, तर दुचाकीचे हेल्मेट कान झाकते, मान जखडते आणि वरून आलेला दगड पाहूही देत नाही.

अर्थात प्रमाणित संच विकत घेतला की जबाबदारी संपली, असेही नाही. ऑस्ट्रियातील टिरोल प्रांतात ऑगस्ट २०१२ मध्ये एक चढाईपटू मानकाप्रमाणे बनवलेल्या संचासह पडला आणि त्याच्या दोन्ही पट्ट्या तुटल्या. त्या लवचिक, आखडून राहणाऱ्या पट्ट्या होत्या; शेकडो वेळा ताणून-आखडून आतले धागे झिजले होते आणि बाहेरून त्याचा पत्ता लागत नव्हता. त्यानंतर आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाने इशारा दिला, अनेक उत्पादकांनी आपापले संच परत मागवले, आणि २०१३ च्या प्रारंभी दोर घासून धक्का शोषणारे जुन्या पद्धतीचे संचही या परतीच्या यादीत आले. भाड्याने दिले जाणारे संच यात सर्वाधिक धोक्याचे ठरले, कारण ते रोज वापरले जात होते. आपल्याकडे तर भाड्याचाच संच सर्वत्र आहे. सहलीचे पैसे भरताना 'साहित्य आम्ही देऊ' असे आश्वासन मिळते. ते साहित्य कोणत्या वर्षी बनले, किती वेळा वापरले, आधी कोणी त्यावर पडले का, याची नोंद ठेवणारी वही आयोजकाकडे असते का? बहुतेक उत्पादक कापडी भागांचे आयुष्य, न वापरताही, सुमारे दहा वर्षांचे सांगतात. वापर वाढला की ते एका हंगामावरही येते.

सर्वांत कमी चर्चा होते ती मुलांची. २०१७ पूर्वीच्या मानकात चाचणी फक्त ८० किलोच्या वस्तुमानावर होई, त्यामुळे हलक्या माणसासाठी पट्टीची शिवण वेळेवर उसवतच नसे. नव्या मानकातही ४० किलो ही खालची मर्यादा आहे. सातवी-आठवीतली कितीतरी मुले या आकड्याखाली असतात. त्यांना लोखंडी वाटेवर न्यायचे असेल तर वरून अनुभवी व्यक्तीने दोर धरणे हाच मार्ग आहे. संच कितीही महागडा असला तरी तो त्यांच्या उपयोगाचा नाही. शालेय सहलीच्या परवानगी-पत्रात मुलाचे वजन विचारणारा रकाना नसतो, ही बाब शिक्षण विभागाने लक्षात घेण्यासारखी आहे.

साधनांचा विचार करताना सह्याद्रीचा स्वभावही विसरता येत नाही. युरोपातील बहुतेक वाटा चुनखडीच्या कणखर भिंतींवर आहेत. आपला बेसाल्ट थरांचा आहे. कठीण थरांच्या मध्ये मऊ, लालसर माती झालेले पट्टे येतात आणि चार महिन्यांच्या पावसात ते भुसभुशीत होतात. अशा पट्ट्यात ठोकलेली मेख पहिल्या वर्षी हलत नाही, तिसऱ्या वर्षी हलते. साधे लोखंड पावसात आतून गंजते आणि वरून रंगवले जाते. विजांचा कडकडाट सुरू झाला की पोलादी तारेपासून दूर जायचे असते, पण कड्याच्या मध्यावर तारेला जोडलेला माणूस जाणार कोठे? किल्ल्यांवर आग्या मोहोळ उठण्याच्या घटना वारंवार घडतात. पळून जाणे हाच ज्यावर उपाय, त्या संकटात दोन कॅराबिनरांनी खिळलेल्या माणसाची अवस्था युरोपातल्या पुस्तकांत सापडणार नाही. आणि मराठवाड्याच्या उन्हाची सवय असलेल्याला वेगळे सांगायला नको, की मे महिन्यात दुपारची तार उघड्या हाताने धरवत नाही. हातमोजे येथे छानछोकी ठरत नाहीत.

तरीही सगळ्यात मोठा प्रश्न साधनांचा नाही, मालकीचा आहे. १५ जून २०२५ रोजी मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. लोखंड गंजलेले आहे हे अनेकांना दिसत होते. ज्याने ते थांबवायचे, त्याच्यापर्यंत ही गोष्ट आवश्यक त्या वेगाने पोहोचली नाही. किल्ल्यांवरच्या लोखंडाची स्थिती याहून गुंतागुंतीची आहे. रायगड आणि लोहगड केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात, राजगड आणि साल्हेर राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे, भोवतालची जमीन बहुधा वन विभागाची, पायथ्याची वाट ग्रामपंचायतीची. अशा ठिकाणी एखाद्या मंडळाने हौसेने किंवा सद्भावनेने ठोकलेली साखळी नेमकी कोणाची? तिची वार्षिक तपासणी कोणी करायची? युरोपात ती जबाबदारी गिर्यारोहण मंडळाची, पालिकेची किंवा उद्यान प्रशासनाची असते, आणि वाट नादुरुस्त झाली तर ती बंद केल्याचा फलक लागतो. आपल्याकडे पावसाळ्यात सरसकट प्रवेशबंदीचा आदेश निघतो, पावसाळा संपला की तो मागे घेतला जातो, मधल्या काळात मेख मात्र तशीच गंजत राहते.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. मुंबई उच्च न्यायालयातील जनहित याचिकेच्या पार्श्वभूमीवर २०१४ आणि नंतर २०१८ मध्ये साहसी उपक्रमांबाबत शासन निर्णय निघाले. गिर्यारोहण संस्थांनी त्यांतील अनेक तरतुदींना हरकत घेतली, कारण नफा कमावणारा आयोजक आणि स्वखर्चाने डोंगरात जाणारे मंडळ यांना एकाच मापाने मोजले गेले होते. २०२१ मध्ये राज्याचे साहसी पर्यटन धोरण आले आणि आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी बंधनकारक झाली. धोरणाची दिशा योग्य आहे. पण नोंदणी होते ती आयोजकाची. त्याच्या खोलीतल्या हार्नेसची नव्हे. मराठवाड्यातील पर्यटनाचा कारभार छत्रपती संभाजीनगरातून चालतो. परभणीतून निघून नाशिक किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातील कड्यावर जाणाऱ्या गटाची साधने नेमकी कोठे तपासायची, याचे उत्तर कागदावर शोधावे लागते. अपघात झाल्यावर धावून जातात ते स्थानिक ग्रामस्थ आणि स्वयंसेवी बचाव पथके. पुढच्या प्रत्येक गर्दीचा भार त्यांच्याच खांद्यावर टाकणे हे धोरण म्हणता येत नाही.

'वारसा' दर्जामुळे किल्ल्यांवर नव्या शिड्या आणि तारा बसवण्याचे प्रस्ताव येतील, तेव्हा दोन गोष्टी आधी ठरवाव्या लागतील. एक म्हणजे कोणत्याही संरक्षित कातळात नवी मेख ठोकण्याआधी तिचा मालक आणि तपासणीची तारीख लेखी ठरलेली असणे. ज्या लोखंडाला मालक नाही ते न बसवलेलेच बरे. हरिहरच्या खोबणी दोनशेहून अधिक वर्षे लोखंडाशिवाय टिकल्या आहेत, त्यांना पोलादी तारेची जोड देण्याची घाई कोणी करू नये. दुसरी गोष्ट परभणीसारख्या जिल्ह्यांची. जिंतूरच्या टेकडीवर लोखंडी वाट बांधून पर्यटन वाढवण्याची कल्पना कोणाला सुचलीच, तर ती बाजूला ठेवणे शहाणपणाचे. तेथे तेवढा कडाही नाही आणि गरजही नाही. त्याऐवजी जिल्हा क्रीडा संकुलात दहा-बारा मीटरची एक सराव-भिंत उभारून तिच्यावर आडवी-उभी तार लावली, तर एक कॅराबिनर काढताना दुसरा जागेवर ठेवण्याची सवय महाविद्यालयीन मुलांना एका दिवसात लागेल. परभणीच्या कृषी विद्यापीठातील आणि शहरातील महाविद्यालयांतील राष्ट्रीय छात्रसेनेचे विद्यार्थी हा त्यासाठी तयार वर्ग आहे. ती सवय थंड डोक्याने, जमिनीपासून हातभर उंचीवर लागली पाहिजे, धुक्यात मागून रांग ढकलत असताना नव्हे.

तोपर्यंत सहलीचे पैसे भरण्यापूर्वी आयोजकाला विचारण्यासारखे बरेच काही आहे. संचावर ईएन ९५८ चा शिक्का आणि निर्मितीचे वर्ष आहे का. कॅराबिनरवर वर्तुळात 'के' हे अक्षर कोरलेले आहे का. धक्काशोषकाच्या पाकिटाची शिवण जशीच्या तशी आहे का. आणि ज्या साखळीला तो अडकवायचा, ती शेवटची कोणी आणि केव्हा तपासली? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे साहित्य हातात घेऊन पाच मिनिटांत पाहता येतात. चौथ्याचे उत्तर आयोजकाकडे नसेल, तर ती साखळी तोल सावरण्यापुरती हाताने धरावी आणि वरून अनुभवी माणसाने दोर धरल्याशिवाय तो टप्पा चढू नये.